छोट्या तेरेजाचे दुःख



बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. हातात क्रूस, त्याभोवती गुलाबाची फुले, मुखावर शांत हास्य. ते हास्य पाहून वाटते, ह्या मुलीला दुःख कधी शिवलेच नसावे. प्रत्यक्षात साडेचार वर्षांची असताना तिची आई गेली आणि त्या धक्क्यातून सावरायला तिला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

तेरेजाचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी फ्रान्समधील आलांसों गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळाचे कारागीर, तर आई झेलीचा लेस विणून घेण्याचा स्वतःचा धंदा होता. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच देवाघरी गेली. मेरी, पॉलीन, लिओनी, सेलीन आणि तेरेजा ह्या पाच मुली राहिल्या. तेरेजा शेंडेफळ, हसरी आणि हट्टी. झेलीला स्तनाचा कर्करोग झाला. 1877 च्या जूनमध्ये ती थोरल्या तीन मुलींसह लूर्दच्या यात्रेला जाऊन आली, पण आजार बरा झाला नाही. 28 ऑगस्ट रोजी तिने प्राण सोडला.

आजारपणाच्या शेवटच्या दिवसांत सेलीन आणि तेरेजा यांना रोज नात्यातील एका बाईंकडे पाठवीत. एकदा त्यांना तिथे एक छान जर्दाळू मिळाला. तो न खाता आईला द्यायचा, असे सेलीनने ठरवले. आई मात्र खाण्यापलीकडे गेली होती. आईला अखेरचे तेल लावताना पाचही बहिणी वयाप्रमाणे ओळीने गुडघ्यांवर होत्या आणि बाबा हुंदके देत होते. आई गेल्यावर बाबांनी तेरेजाला कडेवर घेऊन आईचे अखेरचे चुंबन घ्यायला लावले. तिने आईच्या थंड कपाळावर ओठ टेकवले. तोंडातून शब्द काढला नाही. फारशी रडलीही नाही.

घरातले सगळे आपापल्या कामात होते. तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. अशा वेळी तिला उभे करून ठेवलेले शवपेटीचे झाकण दिसले. ती त्याच्यासमोर उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. ते एवढे उंच होते की, पुरते पाहण्यासाठी तिला मान वर करावी लागली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मृत्यू ह्या विषयावर मी भरपूर वाचले. त्या झाकणासमोर उभ्या असलेल्या मुलीसाठी मला त्यात काही सापडले नाही. मयताच्या घरी गेल्यावर अशी मुले मला आजही दिसतात. कोणी दाराआड उभे असते, कोणी अंगणात खेळत असते. लहान पोराला काय कळते, असे आपण सहज बोलून जातो. तेरेजाला सगळे कळत होते. फक्त ती कोणाला सांगत नव्हती.

अंत्यविधीनंतर घरातील मोलकरीण मुलींकडे पाहून हळहळली, की आता ह्यांना आई उरली नाही. तेव्हा सेलीनने मेरीला मिठी मारली आणि तिला आई मानले. तेरेजा पॉलीनच्या कुशीत शिरली. त्या दिवसापासून मात्र तिचा स्वभाव पालटला. ती बुजरी झाली, जरा काही झाले की रडू लागली. नोव्हेंबरमध्ये बाबा मुलींना घेऊन लिझ्यू शहरी मामाच्या शेजाराला राहायला गेले. बाबांची माया होती, बहिणींचे प्रेम होते, तरीही हे रडणे थांबले नाही.

पुढे 1882 मध्ये पॉलीनने कार्मेल मठात जायचे ठरवले. ही गोष्ट तेरेजाला कोणी समोर बसवून सांगितली नाही. बहिणींचे बोलणे तिच्या कानी पडले. ऑक्टोबरमध्ये पॉलीन गेली आणि नऊ वर्षांची तेरेजा दुसऱ्यांदा पोरकी झाली. पुढच्या वर्षी ईस्टरच्या वेळी बाबा पॅरिसला गेले असता मामाने तिच्याशी आईच्या आठवणी काढल्या. हेतू चांगलाच होता. ती रडू लागली आणि त्याच रात्री तिला थरथर सुटली. कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळली, भ्रमात बोलू लागली. बाबांनी पॅरिसच्या विजयी मातेच्या मंदिरात तिच्यासाठी मिस्सा सांगितल्या. 13 मे 1883, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, बहिणी तिच्या खाटेजवळ प्रार्थना करीत असताना पवित्र मरियेचा पुतळा आपल्याकडे पाहून हसला असे तिने अनुभवले आणि ती बरी झाली. आजार गेला, पण हळवेपणा राहिला.

1886 मध्ये मेरीही मठात गेली. मनातल्या शंकाकुशंका सांगायला आता कोणी उरले नाही. तेव्हा तेरेजाने आपल्या देवाघरी गेलेल्या चार भावंडांकडे धाव घेतली. ती तिच्या जन्माआधीच गेली होती, तिने त्यांना पाहिलेही नव्हते. आपण सर्वांत धाकटी, सर्वांची लाडकी, तेव्हा तुम्हीही माझे लाड पुरवलेच पाहिजेत, असा तिचा हक्काचा सूर होता. लवकरच तिच्या मनाला शांती मिळाली. त्याच वर्षी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाबांचा एक त्रासिक शब्द तिच्या कानी पडला. नेहमीप्रमाणे ती रडेल असे सेलीनला वाटले. तेरेजाने आसवे गिळली आणि हसत हसत बाबांसमोर जाऊन बसली. आई गेली तेव्हा हरवलेले मनाचे बळ आपल्याला त्या रात्री परत मिळाले, असे तिने पुढे लिहून ठेवले.

9 एप्रिल 1888 रोजी, पंधराव्या वर्षी, ती कार्मेल मठात दाखल झाली. 1897 मध्ये क्षयाने तिचे निधन झाले, तेव्हा ती 24 वर्षांची होती. 1925 साली ती संत झाली आणि 2015 साली झेली व लुई यांनाही संतपद मिळाले.

1891 च्या डिसेंबरमध्ये मठाच्या वृद्ध संस्थापिका मदर जेनेव्हिएव्ह वारल्या. त्यांची शवपेटी पाहताच तेरेजाला आईची शवपेटी आठवली. दोन्ही एकाच मापाच्या होत्या. ती आता अठरा वर्षांची होती, आणि ह्या वेळी ती पाहायला तिला मान वर करावी लागली नाही.