हेमू अधिकारी

हेमचंद्र रामचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी (३१ जुलै १९१९, पुणे – २५ ऑक्टोबर २००३, मुंबई) हे भारतीय कसोटी क्रिकेटपटू, लष्करी अधिकारी व प्रशिक्षक होते. दुसरे महायुद्ध आणि लष्करी सेवा यांमुळे त्यांना केवळ २१ कसोटी सामने खेळता आले. त्यांत त्यांनी ८७२ धावा केल्या. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी नाबाद ८१ धावा काढल्या व गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागीदारी केली. हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत अबाधित होता. १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकाच मालिकेतील चौथे कर्णधार म्हणून त्यांनी दिल्लीची कसोटी अनिर्णित राखली. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

कव्हरमधील चपळ क्षेत्ररक्षक असलेल्या अधिकारींनी पुढे क्षेत्ररक्षण व तंदुरुस्ती या भारतीय संघाच्या उणिवांवर लष्करी शिस्तीने मेहनत घेतली. ते व्यवस्थापक असताना १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर विजय मिळवून इंग्लंडमधील पहिली कसोटी मालिका जिंकली. त्या विजयात फलंदाजाजवळ उभ्या राहणाऱ्या एकनाथ सोलकरांसारख्या क्षेत्ररक्षकांचा मोठा वाटा होता. १९७४ च्या दौऱ्यात मात्र ते व्यवस्थापक असतानाच संघाने तिन्ही कसोटी गमावल्या. तरीही नव्या पिढीला घडवण्याचे त्यांचे कार्य थांबले नाही. कपिल देव, रवी शास्त्री यांसारख्या खेळाडूंच्या जडणघडणीत त्यांच्या मार्गदर्शनाचा वाटा आहे.