घरासमोरच्या रस्त्याचा एक तृतीयांश खर्च घरमालकांच्या माथी. वॉशिंग्टन घडवणारे ‘बॉस’ शेफर्ड कोण होते?

घरासमोरचा रस्ता नवा झाला की घराची किंमत वाढते. मग त्या रस्त्याच्या खर्चातला काही वाटा घरमालकाने द्यायला हवा का? द्यायचा असेल तर किती, कोणत्या हिशेबाने आणि कोणाच्या परवानगीने?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८७१ साली या प्रश्नावर कायदा झाला. रस्तासुधारणेच्या खर्चाचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग लगतच्या मालमत्तांवर लावता येईल, असं ठरलं. हा कायदा राबवला एका प्लंबिंग व्यावसायिकाने. त्यांचं नाव अलेक्झांडर शेफर्ड. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी चिखलात रुतलेली राजधानी ओळखू येणार नाही इतकी बदलून टाकली. पण त्या तीन वर्षांचा हिशेब जुळला नाही आणि त्याची किंमत म्हणून शहराने स्वतःचा कारभारी निवडण्याचा हक्क जवळपास १०० वर्षांसाठी गमावला. हे कसं घडलं, ते सविस्तर जाणून घेऊया.

कोण होते शेफर्ड?

शेफर्ड यांचा जन्म ३१ जानेवारी १८३५ रोजी वॉशिंग्टनमध्येच झाला. वडिलांचा लाकडाचा व्यापार होता. शेफर्ड लहान असतानाच वडील वारले आणि घरची परिस्थिती बिघडली. वयाच्या १३व्या वर्षी शाळा सुटली. मिळतील ती छोटी-मोठी कामं करत ते एका प्लंबिंगच्या पेढीत लागले. तिथे आधी हिशेब आणि कारभार शिकले, मग भागीदार झाले आणि शेवटी पेढीचे मालक झाले. पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या आणि घरबांधणी या तिन्हींत त्यांनी पैसा कमावला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी काही महिने सैन्यात काम केलं. त्यानंतर ते शहराच्या परिषदेत निवडून गेले. ‘इव्हनिंग स्टार’ या स्थानिक दैनिकातही त्यांची भागीदारी होती. उंच, धिप्पाड आणि भराभर निर्णय घेणारा हा माणूस वयाच्या पस्तिशीतच शहरातल्या बड्या लोकांमध्ये गणला जाऊ लागला.

तेव्हाचं वॉशिंग्टन कसं होतं?

कागदावर भव्य, प्रत्यक्षात बकाल. शहराचा मूळ आराखडा अतिशय रुंद रस्त्यांचा होता. पण रस्ता जितका रुंद, तितका तो बांधण्याचा खर्च जास्त. बहुतेक रस्ते कच्चे होते. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. शहराच्या मधोमध जाणाऱ्या कालव्याचं उघडं गटार झालं होतं.

त्यात लोकसंख्या वाढत होती. १८६० मध्ये राजधानीच्या जिल्ह्यात सुमारे ७५ हजार लोक होते. १८७० मध्ये ते सुमारे १ लाख ३१ हजार झाले. नव्याने आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय होते. १८६७ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना शहरात मतदानाचा हक्कही मिळाला होता.

पैशाची अडचण मात्र मोठी होती. शहरातली बरीच जमीन आणि मोठ्या इमारती केंद्र सरकारच्या मालकीच्या होत्या आणि सरकारी मालमत्तेवर कर लागत नव्हता. म्हणजे रस्ते सगळ्यांसाठी, पण कर भरणार फक्त खासगी मालमत्ताधारक. राजधानीच दुसऱ्या शहरात हलवावी, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. सेंट लुईसचं नाव त्यात आघाडीवर होतं. तसं झालं असतं तर वॉशिंग्टनमधल्या प्रत्येक घराची किंमत कोसळली असती. त्यामुळे रस्ते सुधारणं ही शहराच्या अस्तित्वाची गरज बनली.

एक तृतीयांशचं गणित काय होतं?

फेब्रुवारी १८७१ मध्ये संसदेने वॉशिंग्टन, जॉर्जटाउन आणि आसपासचा ग्रामीण भाग एकत्र करून नवी राज्यव्यवस्था आणली. गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमणार, एक सभागृह लोक निवडून देणार आणि रस्ते-गटारांसाठी स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम मंडळ असणार, अशी ही रचना होती. मंडळाचे सदस्यही राष्ट्राध्यक्षच नेमणार होते. शेफर्ड या मंडळाचे उपाध्यक्ष झाले. गव्हर्नर हेन्री कुक हे मंडळाचे अध्यक्ष असले तरी कारभार शेफर्डच पाहू लागले. ‘बॉस’ हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटलं.

मंडळाने सुमारे ६६ लाख डॉलरचा आराखडा मांडला. त्यातले ४० लाख डॉलर कर्जरोख्यांतून उभे करायचे आणि उरलेला मोठा वाटा लगतच्या मालमत्ताधारकांकडून घ्यायचा, असं ठरलं. कर्जाला मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजुरी दिली.

मालमत्ताधारकांचा वाटा कसा काढायचा, हे एका उदाहरणातून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका गल्लीच्या रस्त्याला ९,००० डॉलर खर्च आला. त्याचा एक तृतीयांश म्हणजे ३,००० डॉलर. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या घरांची रस्त्याकडची एकूण लांबी १,००० फूट आहे. म्हणजे दर फुटाला ३ डॉलर. ज्याच्या घराची रस्त्याकडची बाजू २५ फूट आहे, त्याला ७५ डॉलरचं बिल.

यामागचा विचार सोपा होता. रस्त्याचा फायदा सगळ्या शहराला होतो, म्हणून दोन तृतीयांश खर्च शहराचा. पण दारात रस्ता आलेल्याचा फायदा जास्त, म्हणून एक तृतीयांश त्याचा. अशी पद्धत अमेरिकेतल्या इतर शहरांतही होती.

तीन वर्षांत काय काय झालं?

कामाचा वेग थक्क करणारा होता. सुमारे २५० किलोमीटर रस्ते आणि फूटपाथ झाले. सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या. पाण्याच्या आणि गॅसच्या नव्या नळ्या आल्या. रस्त्यांच्या कडेने हजारो झाडं लागली. दुर्गंधी सुटलेला कालवा बुजवण्यात आला. आज त्या जागेवरून कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यू जातो.

अडथळा आला की शेफर्ड वाट पाहत नसत. सप्टेंबर १८७२ मध्ये नॉर्दर्न लिबर्टीज हा जुना बाजार हटवायचा होता. व्यापारी कोर्टात जातील म्हणून संध्याकाळनंतर अचानक माणसं पाठवून बाजार पाडण्यात आला. त्या गोंधळात दोन जणांचा जीव गेला. त्यात एक लहान मुलगा होता. कॅपिटॉल टेकडीच्या पायथ्याचे रेल्वे रूळही असेच रातोरात उखडले गेले.

मग गणित कुठे चुकलं?

पहिली चूक अंदाजपत्रकाची. आराखडा ६६ लाखांचा होता, प्रत्यक्षात खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. शहराच्या कर्जाला १ कोटी डॉलरची मर्यादा होती, देणी मात्र त्याच्या जवळपास दुप्पट झाली. एकूण खर्च वाढला की त्याचा एक तृतीयांशही वाढतो. घरमालकाला आधी वाटलेलं बिल आणि हातात पडलेलं बिल यांत मोठी तफावत आली.

दुसरी चूक दर्जाची. अनेक रस्त्यांवर लाकडी ठोकळे बसवले गेले. ते स्वस्त होते आणि लवकर बसायचे. पण काही वर्षांतच ते कुजू लागले. म्हणजे घरमालकाचं बिल फिटायच्या आत रस्ता उखडला. १८७६-७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर डांबरी रस्ता करावा लागला.

तिसरी चूक पातळीची. रस्ते सरळ आणि उताराचे करताना कुठे जमीन खोदली, कुठे भराव टाकला. काही घरं रस्त्यापासून कित्येक फूट उंच राहिली, तर काहींचे दरवाजे खड्ड्यात गेले. अशा घराची किंमत वाढली म्हणून बिल आलं, पण आधी घरात जायला पायऱ्या बांधायची वेळ आली.

चौथी चूक सर्वांत गंभीर. ज्याचं उत्पन्न बेताचं, त्याच्यासाठी एकरकमी बिल म्हणजे संकट होतं. थकबाकीवर व्याज चढत होतं आणि अखेर मालमत्ता विकली जाण्याची टांगती तलवार होती. घराची वाढलेली किंमत घर विकल्यावरच हातात येते, बिल मात्र लगेच भरावं लागतं. आयुष्यभराच्या कष्टातून छोटं घर घेतलेल्यांना हा फरक जास्त बोचला.

शिवाय कामं शहराच्या वायव्य भागात जास्त झाली. तिथेच शेफर्ड आणि त्यांच्या मित्रांच्या जमिनी होत्या. पूर्वेकडचे रहिवासी मागे पडले.

चौकशीत काय निघालं?

सप्टेंबर १८७३ मध्ये हेन्री कुक यांनी राजीनामा दिला आणि शेफर्ड गव्हर्नर झाले. त्याच महिन्यात कुक यांच्या भावाची मोठी बँकिंग पेढी बुडाली आणि देशभर मंदी आली. रोखे विकले जाईनात. कंत्राटदारांचे, मजुरांचे आणि शिक्षकांचे पैसे थकले.

मालमत्ताधारकांनी संसदेकडे धाव घेतली. १८७४ च्या चौकशीत शेफर्ड यांनी स्वतःच्या खिशात सरकारी पैसा घातल्याचं सिद्ध झालं नाही. पण कंत्राटं देण्यातली मनमानी आणि हिशेबातला गोंधळ उघड झाला. २० जून १८७४ रोजी संसदेने ही राज्यव्यवस्थाच बरखास्त केली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नव्या तीन आयुक्तांत शेफर्ड यांचं नाव सुचवलं, तेव्हा सिनेटने ते फेटाळलं.

१८७८ मध्ये आयुक्तांची व्यवस्था कायम झाली. केंद्र सरकारने शहराच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलायचं मान्य केलं. सरकारी मालमत्तेचा जुना प्रश्न अखेर सुटला. पण त्या बदल्यात नागरिकांना स्थानिक मतदानाचा हक्क उरला नाही. गोऱ्यांचाही गेला आणि १८६७ मध्ये मिळालेला कृष्णवर्णीयांचाही गेला. तो हक्क परत देणारा कायदा झाला डिसेंबर १९७३ मध्ये.

खर्चाचा वाटा घेण्याची पद्धत मात्र संपली नाही. १९१४ मध्ये संसदेनेच नियम केला, की वॉशिंग्टनमध्ये रस्ता बांधण्याचा निम्मा खर्च लगतच्या मालमत्तांवर लावावा. म्हणजे वाटा एक तृतीयांशवरून निम्म्यावर गेला आणि हे ठरवताना पैसे भरणाऱ्यांना मतच नव्हतं.

मुंबईत त्याच काळात उलटं घडलं

विशेष म्हणजे जवळपास याच वर्षांत मुंबईतही असाच वाद पेटला होता. ज्यांच्या नावाने क्रॉफर्ड मार्केट ओळखलं जातं, ते महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ पासून धडाक्यात कामं केली आणि खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदात्यांनी आवाज उठवला आणि क्रॉफर्ड यांना पद सोडावं लागलं. पण इथे १८७२ च्या कायद्याने ६४ जणांच्या महापालिकेत ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे, असं ठरलं. मतदार मोजकेच होते, तरी पैसे देणाऱ्याला सभागृहात जागा मिळाली. वॉशिंग्टनमध्ये ती काढून घेतली गेली.

शेफर्ड यांचं पुढे काय झालं?

मंदीत त्यांचं दिवाळं निघालं. १८८० मध्ये ते कुटुंबासह मेक्सिकोतल्या बाटोपिलास या दुर्गम गावी गेले आणि तिथल्या चांदीच्या खाणी चालवू लागले. १८८७ मध्ये ते भेटीला आले, तेव्हा त्याच शहराने मिरवणूक काढून त्यांचं स्वागत केलं. एव्हाना झाडं मोठी झाली होती, रस्ते रुळले होते आणि राजधानी हलवण्याची चर्चा थांबली होती. १२ सप्टेंबर १९०२ रोजी बाटोपिलासमध्येच त्यांचं निधन झालं. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्यांचा पुतळा उभा राहिला. पुढे तो हलवून शहराच्या एका टोकाला नेण्यात आला आणि २००५ मध्ये पुन्हा मूळ परिसरात आणला गेला.

आपण काय लक्षात घ्यायचं?

रस्त्यामुळे वाढणाऱ्या किमतीतला वाटा मालमत्ताधारकांकडून घेण्याची कल्पना आपल्याकडेही नवी नाही. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात ती होती आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही आहे. त्यामुळे असं बिल कधी दारात आलं तर चार गोष्टी विचारायला हव्यात. खर्चाचा आकडा काम सुरू होण्याआधी ठरला आहे का? रस्ता किती वर्षं टिकेल, याची जबाबदारी कोणाची? हप्त्याने पैसे भरता येतील का? आणि हरकत घ्यायची तर ती ऐकणारा माणूस आपण निवडून दिलेला आहे का?

वॉशिंग्टनच्या घरमालकांनी हे प्रश्न विचारले, पण तोपर्यंत रस्ते खोदून झाले होते.