विश्वविक्रमी उडी आणि फुप्फुसातला क्षय

२३ जुलै १९५२ हा दिवस मराठी माणसाला आठवतो तो कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे. फिनलंडमधील हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी त्या दिवशी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताच्या खात्यावर पहिले वैयक्तिक पदक जमा झाले. त्याच दिवशी, त्याच शहरात, मुख्य मैदानावर ब्राझीलचा २४ वर्षांचा एक तरुण वाळूच्या खड्ड्याकडे धावत होता. आदेमार फेरेरा दा सिल्वा हे त्याचे नाव. तिहेरी उडीच्या अंतिम फेरीतील सहा प्रयत्नांपैकी चार प्रयत्नांत त्याने आधीचा विश्वविक्रम ओलांडला. त्यातली सर्वात लांब उडी १६.२२ मीटरची होती.

या घटनेला आठ वर्षे झाली, तेव्हा हाच खेळाडू रोमच्या ऑलिंपिकमध्ये चौदावा आला. तोवर क्षयरोगाने त्यांची छाती गाठली होती. क्षय हा अशक्त, उपाशी किंवा म्हाताऱ्या माणसांचाच आजार आहे, असे आजही अनेकांना वाटते. त्यांनी आदेमार यांचे आयुष्य जरूर पाहावे.

रेल्वे कामगाराचा मुलगा

आदेमार यांचा जन्म २९ सप्टेंबर १९२७ रोजी साओ पाउलो शहरात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील रेल्वेत कामगार होते. मैदानी खेळांकडे ते वळले तेव्हा विशी जवळ आली होती. साओ पाउलो फुटबॉल क्लबच्या मैदानावर दिएत्रिच गेर्नर या जर्मन प्रशिक्षकाने त्यांना हाताशी धरले आणि पुढची अनेक वर्षे घडवले.

तिहेरी उडी दिसायला सोपी असते. आपल्याकडची मुले अंगणात लंगडी खेळतात, तिच्यात ढांग आणि उडी मिसळली की हा खेळ तयार होतो. खेळाडू वेगाने धावत येऊन फळीवरून झेप घेतो आणि ज्या पायाने झेप घेतली त्याच पायावर उतरतो, ही लंगडी. तिथून दुसऱ्या पायावर जातो, ही ढांग. त्या पायाने शेवटची उडी मारून तो वाळूत पडतो.

शरीरासाठी मात्र हा फार कठीण प्रकार आहे. लंगडी संपून पाय जमिनीला टेकतो, तेव्हा एका पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक भार येतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर क्षणभर सातशे किलोंपेक्षा जास्त. सेकंदाच्या दीड-दोन दशांश भागात हा भार सोसून, वेग फारसा न गमावता पुन्हा उसळायचे असते. त्यासाठी मांडीचे व पोटरीचे स्नायू, टाचेमागची जाड शिर, गुडघा आणि कंबर हे सगळे वर्षानुवर्षे तयार करावे लागते.

या भाराची किंमत काय असते, ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने पाहिले. आदेमार तिथे पहिल्यांदाच उतरले होते आणि पदकापासून दूर राहिले. त्याच स्पर्धेत भारताचा १९ वर्षांचा हेन्री रिबेलो पदकाचा दावेदार मानला जात होता. अंतिम फेरीत थंड हवेत ताटकळल्यावर त्याने धाव घेतली आणि मांडीचा स्नायू फाटला. त्याची स्पर्धा तिथेच संपली. गार पडलेल्या स्नायूकडून एकदम पूर्ण ताकद मागू नये, हा धडा आजच्या प्रत्येक मैदानावर लागू आहे.

सोळा मीटरच्या पलीकडे

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानच्या नाओतो ताजिमा यांनी बरोबर १६ मीटर उडी मारली होती. तो आकडा चौदा वर्षे कोणाला हलला नाही. डिसेंबर १९५० मध्ये आदेमार यांनी त्याची बरोबरी केली आणि पुढच्या वर्षी एका सेंटिमीटरने तो मागे टाकला. मग हेलसिंकी आले. जाण्यापूर्वी त्यांनी फिनिश भाषेतली काही वाक्ये शिकून घेतली होती, त्यामुळे तिथल्या लोकांना ते आपलेसे वाटले. सुवर्णपदक निश्चित झाल्यावर प्रेक्षकांच्या टाळ्यांत त्यांनी मैदानाला फेरी मारली. ब्राझीलला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले ते ३२ वर्षांनी.

१९५३ साली सोव्हिएत संघाच्या लिओनिद श्चेर्बाकोव यांनी हा विक्रम एका सेंटिमीटरने मोडला. आदेमार यांनी त्याला उत्तर दिले ते मार्च १९५५ मध्ये, मेक्सिको सिटीच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत. उडी होती १६.५६ मीटर. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही वर आहे. तिथली हवा विरळ असल्याने धावताना आणि उडताना तिचा अडथळा कमी होतो. लांब पल्ल्याच्या धावपटूला ऑक्सिजन कमी पडून हीच हवा त्रास देते, तर काही सेकंदांत संपणाऱ्या खेळाला ती थोडी मदत करते. तरीही केवळ हवेने विक्रम होत नसतात. पुढच्या वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आइसलंडच्या विल्ह्याल्मुर एनारसन यांनी १६.२६ मीटरची उडी मारून सर्वांना चकित केले, तेव्हा आदेमार यांनी १६.३५ मीटर पार करून दुसरे सुवर्णपदक मिळवले. मेलबर्न तर समुद्रकाठी आहे.

या काळात त्यांचे आयुष्य नुसते मैदानापुरते नव्हते. मार्सेल कामू यांच्या १९५९ च्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ या चित्रपटात मुखवटा घातलेल्या मृत्यूची भूमिका त्यांनी केली. चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान आणि नंतर ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी शिकागोत त्यांनी पॅन अमेरिकन स्पर्धेतील सलग तिसरे सुवर्णपदक घेतले. लोकांच्या नजरेत त्यांच्याइतका धडधाकट माणूस शोधून सापडला नसता.

रोमची धाव

सप्टेंबर १९६० मध्ये रोमला ते तिसऱ्या सुवर्णपदकासाठी उतरले. पोलंडच्या युझेफ श्मिट यांनी १६.८१ मीटरने ते पदक नेले. आदेमार चौदावे आले. तेव्हा त्यांचे वय ३२ पूर्ण झाले होते आणि एवढा भार सोसणाऱ्या पायांना हे वय जाणवते. त्यामुळे सगळा दोष आजाराला देता येणार नाही. पण क्षय असलेल्या शरीराकडून विश्वविजेत्याची उडी मागणे हेच मुळात अशक्य होते.

क्षयाचा जंतू हवेतून येतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून फुप्फुसात पोहोचतात. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. काहींच्या बाबतीत तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डोके वर काढतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखूचा धूर, खडी क्रशरवरची धूळ यांनी धोका वाढतो. पण यातले काहीही नसलेल्या माणसालाही क्षय होऊ शकतो. पिळदार दंड हे जंतूला अडवणारे कवच नव्हे.

उडी मारणाऱ्या खेळाडूत हा आजार लपूनही राहतो. त्याची धाव सहा-सात सेकंदांत संपते, म्हणून लांब पल्ल्याच्या धावपटूसारखा दम लगेच लागत नाही. आजार आतून वेगळे काम करत असतो. संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मरते, वजन उतरते, स्नायू झिजतात, काल झेपलेला सराव आज झेपत नाही. खेळाडू त्याला थकवा किंवा वयाचा परिणाम समजतो आणि सराव आणखी वाढवतो. आधीच पोखरलेल्या शरीरावर तो नवा बोजा ठरतो.

आदेमार वाचले, कारण काळ बदलला होता. दहा-पंधरा वर्षे आधी क्षय झालेल्या माणसाच्या वाट्याला चांगली हवा, खाट आणि वाट पाहणे एवढेच येत असे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४० च्या दशकातला. आयसोनियाझिड हे प्रभावी आणि स्वस्त औषध क्षयासाठी वापरात आले ते १९५२ मध्ये, म्हणजे हेलसिंकीच्याच वर्षी. मद्रासमधील संशोधन केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले, की योग्य औषधे नियमित घेणारा रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. या भारतीय अभ्यासाने जगभरची उपचारपद्धती बदलली.

नंतरची चाळीस वर्षे

रोमनंतर आदेमार यांनी स्पर्धा सोडली. पुढचे आयुष्य मात्र रिकामे गेले नाही. कायदा, शारीरिक शिक्षण, शिल्पकला आणि जनसंपर्क असे वेगवेगळे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. १९६४ ते १९६७ या काळात ते नायजेरियातील लागोसमध्ये ब्राझीलचे सांस्कृतिक अधिकारी होते. साओ पाउलो क्लबच्या ध्वजावर आजही दोन सोनेरी तारे दिसतात. ते त्यांच्या १९५२ आणि १९५५ च्या विश्वविक्रमांचे आहेत. १२ जानेवारी २००१ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी साओ पाउलोतच त्यांचे निधन झाले. रोममध्ये संपली ती त्यांची कारकीर्द. त्यानंतर ते चार दशके जगले. क्षयाचा रुग्ण वेळेवर उपचारात आला तर एवढे सगळे उरते.

जालन्याच्या मैदानांवर

पहाटे जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या मैदानांवर पोलीस आणि सैन्य भरतीसाठी शेकडो मुले-मुली धावतात. अनेक जण एका लहान खोलीत चार-पाच मिळून राहतात, जेवणाची आबाळ होते. वेळ का कमी पडतोय, म्हणून ती आणखी जोरात पळतात. धावण्याचा वेळ अचानक घसरला, वजन उतरले, संध्याकाळी अंग कसकसले किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर बूट बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. थुंकीतून रक्त आले तर एक दिवसही थांबू नये. काही रुग्णांना खोकला नसतोच, क्षय दिसतो तो छातीच्या एक्स-रेमध्ये.

थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. औषधांना दाद देणारा फुप्फुसाचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, आणि उपचारकाळात पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये बँक खात्यात जमा होतात. योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णापासून होणारा संसर्ग बहुतांशी थांबतो. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर जंतू औषधांना जुमानेनासे होतात. ऊसतोडीसाठी किंवा कामासाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगावे, म्हणजे पुढच्या गावी औषधे मिळण्याची सोय होते. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी. उपचार चालू असताना जोराचा सराव थांबवावा आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हळूहळू वाढवावा. सहा महिने थांबल्याने एक भरती हुकेल, पण पुढच्या भरतीला धावता येईल.