मोबाईलमध्ये रक्तगट सेव्ह आहे, तरी ऑपरेशनआधी पुन्हा का तपासतात? कार्ल लँडस्टायनर यांची गोष्ट

मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही हॉस्पिटलात हर्निया किंवा पित्ताशयातले खडे असं ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर आधी हातात चाचण्यांची यादी पडते. सीबीसी, कारण पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर अंगात कुठेतरी संसर्ग दडलेला असू शकतो. साखर, कारण ती जास्त असेल तर टाके पिकायचा धोका वाढतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. आणि रक्तगट. इथे आपण म्हणतो, अहो, रक्तगट तर मोबाईलच्या इमर्जन्सी माहितीत भरलाय, लायसन्सवर पण छापलाय, परत सुई कशाला?

यामागचं कारण ज्या माणसाने शोधलं, त्याच्या वाढदिवशी, म्हणजे १४ जूनला, जगभर रक्तदाता दिन असतो. त्या दिवशी आपण सगळे स्टेटस टाकतो, पण नाव फार कमी जणांना माहीत असतं.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातला. वडील नावाजलेले पत्रकार, पण कार्ल लहान असतानाच ते गेले. आईनेच वाढवलं. आईवर इतका जीव की ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी शेवटपर्यंत भिंतीवर टांगून ठेवला होता. १८९१ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले. दवाखाना थाटायच्या ऐवजी जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये जाऊन रसायनशास्त्र शिकले. त्या काळी हा उलटाच मार्ग म्हणायचा. परत आल्यावर शवविच्छेदनाच्या विभागात नोकरी. दहा वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त मृतदेह त्यांनी तपासले.

तेव्हा एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देणं हा निव्वळ जुगार होता. काही पेशंट टवटवीत व्हायचे, काही थंडी-ताप भरून मरायचे. दोघांचं रक्त एकत्र केलं की कधीकधी गुठळ्या होतात हे डॉक्टरांनी पाहिलं होतं, पण तो आजाराचा परिणाम असणार असं बऱ्याच जणांना वाटायचं.

लँडस्टायनर यांनी आजारी माणसं बाजूला ठेवली आणि स्वतःचं व लॅबमधल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, वेगळं केलं. लाल पेशी वेगळ्या केल्या. मग ह्याचं सिरम, त्याच्या पेशी अशा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. सगळी धडधाकट माणसं, तरीही काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत नाही, आणि त्यात एक ठरलेली रचना दिसली. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले: ए, बी आणि सी. या सीलाच आपण आज ओ म्हणतो. एबी हा चौथा गट पुढच्या वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांनी शोधला.

यात खरी गंमत अशी की हा शोध नुसत्या रक्ताचा नाही, इम्युनिटीचाही आहे. ए गटाच्या माणसाच्या अंगात बीविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासूनच फिरत असतात. बी गटाचं रक्त चढवलं की शरीर त्या पेशींना शत्रू समजून फोडून टाकतं. म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली असूनही माणूस जाऊ शकतो.

एवढा मोठा शोध, पण कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटनबर्ग यांनी रक्त देण्याआधी दोघांचं रक्त जुळवून पाहिलं. तिथून क्रॉसमॅच सुरू झालं. इकडे पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात हलाखी आली. लँडस्टायनर नेदरलँड्समधल्या एका छोट्या हॉस्पिटलात लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने बोलावलं. १९३० मध्ये नोबेल मिळालं, शोधानंतर जवळपास तीस वर्षांनी!

१९४० मध्ये, वय सत्तरीपार, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच घटक जगासमोर मांडला. आपल्या रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच. आरएचविरुद्धच्या अँटिबॉडी जन्मतः नसतात. आधी कधी रक्त चढवलं असेल किंवा गरोदरपण येऊन गेलं असेल तर तयार होऊ शकतात. अशा इतरही अँटिबॉडी असतात. मोबाईलमधल्या बी पॉझिटिव्हवरून त्या कशा कळणार? म्हणून ऑपरेशनआधी ताजा नमुना हवा, आणि म्हणूनच आधी रक्त चढवलं होतं का, हे डॉक्टरांना न विसरता सांगायचं.

जून १९४३ मध्ये लॅबमध्ये काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांच्या तक्त्यात न बसणारं रक्त आपल्या मुंबईत सापडलं. डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्लंडमधल्या तज्ज्ञांसोबत ते 'द लॅन्सेट'मध्ये मांडलं. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी दोन्ही ज्यावर तयार होतात तो एच नावाचा पायाच या लोकांच्या लाल पेशींवर नसतो. ओवाल्यांकडे तो भरपूर असतो. त्यामुळे साध्या तपासणीत हे रक्त ओ वाटतं, पण या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. फक्त दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचंच चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आजही अशा दुर्मिळ रक्तगटांवर काम करते.

मग हे पकडायचं कसं? लँडस्टायनर यांच्याच पद्धतीने. रक्तपेढीत पेशंटच्या पेशी तपासतात, तसंच त्याच्या सिरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकूनही पाहतात. खऱ्या ओ गटात काही होत नाही, बॉम्बे असेल तर गुठळ्या होतात. तारीख ठरवून केलेल्या ऑपरेशनात हे आधीच कळतं. मग दाता शोधायला, किंवा तब्येत परवानगी देत असेल तर पेशंटचंच रक्त आधी काढून साठवायला, हातात काही दिवस असतात.