शिवकर बापूजी तळपदे : घरच्या घरी विमान बांधू पाहणारा मुंबईकर

आपल्या उत्सवातील मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे हा विषय घेतेच. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी एका मराठी माणसाने गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, हे वाक्य आले की मंडपात टाळ्या पडतात. मीही त्या वाजवल्या आहेत. एका वर्षी बक्षीस समारंभानंतर एका शाळकरी मुलीने मला विचारले की त्या विमानाचे ड्रॉइंग कुठे पाहायला मिळेल. माझी सारी नोकरी लोको शेडमध्ये ड्रॉइंग समोर ठेवूनच झाली, पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. त्या उत्तराच्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

तळपदे यांचा जन्म 1864 सालचा, मुंबईतील पाठारे प्रभू समाजातला. चिराबाजार-गिरगाव हा त्यांचा परिसर. याच गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत, 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. सभा, व्याख्याने, वर्तमानपत्रे आणि स्वदेशीचा अभिमान यांनी भारलेला तो काळ होता. सर जे. जे. कलाशाळेशी तळपदे यांचा निकटचा संबंध होता. हातात कारागिरी आणि मनात संस्कृतची ओढ असा त्यांचा पिंड होता. कलाशाळेतील चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे स्वामी दयानंदांचे वेदभाष्य त्यांच्या वाचनात आले. वेदांत यंत्रविद्येचे उल्लेख आहेत, अशी स्वामीजींची मांडणी होती. तिने तळपदे झपाटून गेले. पुढे त्यांनी प्राचीन विमानकलेचा शोध या नावाचे पुस्तकही लिहिले.

त्या वेळी जगभर हेच वेड पसरले होते. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्झिमने 1894 साली वाफेवर चालणारे साडेतीन टनांच्या आसपास वजनाचे यंत्र रुळांवरून पळवले आणि ते क्षणभर उचललेही गेले. जर्मनीत लिलिएन्थाल टेकडीवरून पंख बांधून तरंगत होता. 1896 मध्ये अशाच एका उड्डाणात तो पडला आणि त्यातच गेला. त्याच वर्षी अमेरिकेत लँग्लीचे माणूस नसलेले वाफेचे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. मुंबईतला एक मध्यमवर्गीय गृहस्थ, पाठीशी ना कारखाना ना सरकार, त्याच सुमारास त्याच ध्यासात होता, ही गोष्टच मुळी लहान नाही.

तळपदे यांच्या यंत्राचे नाव मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. कथा अशी सांगतात की 1895 साली चौपाटीवर हे विमान माणसाशिवाय पंधराशे फूट वर गेले आणि खाली पडले. न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज ते पाहायला हजर होते, इंजिनात पारा होता, पुढे मदत आटली आणि सामान एका परदेशी कंपनीला विकले गेले, असेही सांगतात.

पण त्या दिवसाचे छायाचित्र नाही, मोजमापाची वही नाही, आणि उड्डाण झाल्याची विश्वासार्ह समकालीन नोंदही नाही. जे लिहिले गेले त्यातले बरेचसे फार नंतरचे आहे. पाऱ्याचे म्हणाल तर तो पाण्याच्या साडेतेरा पट जड. विमानात तर एकेक किलो वाचवावा लागतो.

या कथेबरोबर वैमानिक शास्त्र या ग्रंथाचे नावही घेतले जाते. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात सांगून लिहवला. तळपदे 1916 च्या सुमारास वारले, म्हणजे ग्रंथ कागदावर उतरला तो त्यांच्या पश्चात. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे सांगणारे शास्त्रज्ञ आपलेच होते, त्यांना आपली परंपरा खाली पाडायची नव्हती.

राइट बंधूंशी तुलना मला आता पटत नाही, ती आणखी एका कारणाने. मरुत्सखाची कथा अक्षरशः खरी धरली तरी ते माणूस नसलेले यंत्र होते. राइट बंधूंचे यश माणसाला घेऊन, ताब्यात ठेवून उडण्याचे होते. तेही सायकल दुकानदारच, घरचेच कारागीर. पण 1901 साली त्यांनी वाऱ्याचे बोगदेवजा खोके बनवून पंखांचे आकार एकेक करून तपासले. 1902 मध्ये बिनइंजिनाचे विमान शेकडो वेळा उडवले. मग दुकानातल्या कारागिराकडून 12 अश्वशक्तीचे इंजिन करून घेतले. 17 डिसेंबर 1903 रोजी पहिले उड्डाण 12 सेकंदांचे, 120 फुटांचे झाले. आपल्या यार्डातल्या मालगाडीच्या तीन डब्यांएवढेच म्हणा ना! पण त्याचे छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत, आकडे आहेत. म्हणून दुसऱ्याला ते पुन्हा करता आले.

घरी विमान बांधण्याची हौस पुढेही मराठी मातीत टिकली. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि 2017 मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. परदेशात सुट्या भागांचा संच घेऊन गॅरेजमध्ये विमान जोडणारे हौशी लोक आहेत. तेही प्रत्येक रिव्हेट नोंदवहीत लिहितात, कारण तपासनीस वही पाहतो, अभिमान पाहत नाही. आपल्या पोलाद कारखान्यात हीटची नोंद नसेल तर पोलाद कितीही चांगले असो, ते पुढे जात नाही. शेडमध्येही सही झाल्याशिवाय इंजिन बाहेर पडत नाही.

मग तळपदे यांचे मोठेपण कशात? गुलामीच्या काळात, पदरमोड करून, आपल्यालाही आकाश जिंकता येईल असे त्यांना वाटले आणि ते हाताने कामाला लागले. एवढे पुरेसे आहे. न झालेल्या उड्डाणाचा मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला तर उद्या एखादा चौकस मुलगा तो उचलून पाहील, आणि त्याबरोबर माणूसही त्याच्या मनातून उतरेल.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. ड्रॉइंग नाही, बाळ, हे माझे उत्तर तिला या स्मरणिकेतून देतो. पुढच्या स्पर्धेत कोणी हा विषय घेतला तर जरूर घ्यावा, तळपदे यांची धडपड सांगावी आणि पुरावा कुठे संपतो तेही सांगावे. त्या भाषणाला मी सर्वांत आधी टाळी वाजवीन. विद्येच्या देवतेपुढे बोलताना खरे बोलावे, एवढेच मागणे. शिवकर बापूजींच्या स्मृतीस नम्र अभिवादन. गणपती बाप्पा मोरया!