राजाच्या हातात बंदूक, पारध्याच्या हातात फास : शाहू महाराजांच्या शिकारीची गोष्ट

कोल्हापूर : राजर्षी शाहू महाराज म्हटलं की आपल्याला राधानगरीचं धरण आठवतं, खासबागेचं मैदान आठवतं, आरक्षण आणि सक्तीचं शिक्षण आठवतं. पण हाच राजा जातिवंत शिकारी होता, हे नव्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसतं. बंदूक, भाला, सुरी, घोडे, हत्ती, चित्ते हा त्यांचा जीव की प्राण. या छंदानं त्यांना खूप काही दिलं आणि एक दिवस घरातलं सगळ्यात मोलाचं माणूस हिरावूनही नेलं.

कागलचा मुलगा, कोल्हापूरचा राजा

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. 17 मार्च 1884 ला ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड इथं शिक्षण झालं आणि 2 एप्रिल 1894 ला कारभार हातात घेतला. वय अवघं वीस वर्षांचं. उंचापुरा, पैलवानी देह. राजवाड्याच्या भिंतीत त्यांचं मन रमायचं नाही. सोनतळी, रुकडी, पन्हाळा, रायबाग असे त्यांचे मुक्काम असत. घोड्यांना वळण लावायचा त्यांचा खडखडा तर आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो.

ठासणीची गेली, काडतुसाची आली

महाराजांचा काळ म्हणजे हत्यारं बदलण्याचा काळ. त्याआधी ठासणीची बंदूक चालायची. नळीत दारू घालायची, वरून गोळी किंवा छर्रे, मग गजानं ठासायचं. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत जनावर पसार, नाहीतर अंगावर. त्यात पांढरा धूर एवढा, की बार लागला की चुकला हेच कळायचं नाही. नंतर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि 1890 च्या सुमारास कमी धुराची दारूही आली. वाघ-गव्यासाठी दुनळी रायफल शिकाऱ्यांना भरवशाची वाटायची, कारण पहिला बार चुकला तर दुसरा तयार. कमरेला न मिटणारी, अखंड पात्याची सुरी असायची. मिटणारा चाकू ऐन जोर लावताना सांध्यात दगा देतो. जनावर सोलायला अशी सुरी सोयीची पडते.

पण कोल्हापूरची खरी ख्याती चित्त्याच्या शिकारीची. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवर बसवायचं. काळवीट माणसाला बुजतं, पण रोजच्या बैलगाडीला फारसं बुजत नाही. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढायची. मग काही क्षणांचीच धाव! काळवीट सापडलं तर ठीक, नाहीतर चित्ता दमून बसणार. सापडलं, की चित्तेवान सुरीनं काळविटाचा गळा कापून रक्त लाकडी पळीत धरायचा आणि चित्त्यापुढं करायचा. तेव्हाच तो पकड सोडायचा. आपल्याकडचे चित्ते कमी झाल्यावर संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणले जाऊ लागले.

जंगलात भेटलेली माणसं

शिकारीच्या निमित्तानं महाराज माळरानावर, कुरणात, जंगलात फिरले. तिथं त्यांना भेटले फासेपारधी. फास लावून हरणं, पाखरं धरणारे म्हणून फासेपारधी. जनावराचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता बघा मंडळी, काम दोघांचंही एकच. राजानं शिकार केली की त्याला शौक म्हणायचे. पारध्यानं पोटासाठी केली की त्याच्याकडं चोर म्हणून बघायचे. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अशा अनेक जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची. हजेरी चुकली की शिक्षा. मग धड मजुरी मिळायची नाही की परगावी जाता यायचं नाही.

महाराजांनी या माणसांना जवळ केलं. ज्यांच्यावर चोरीचा संशय घेतला जायचा, त्यांच्याच हाती पहाऱ्याचं काम दिलं. राहायला घरं दिली. 1918 ला संस्थानातली हजेरीची पद्धतच बंद केली.

त्याच सालचा घाव

हेच 1918 साल महाराजांच्या घरावर कोसळलं. जून महिन्यात धाकटे राजपुत्र शिवाजी महाराज रानडुकराच्या शिकारीला गेले. ही शिकार बंदुकीची नव्हे, घोड्यावरून भाल्यानं करायची. डुक्कर जिवाच्या आकांतानं पळतं, मध्येच झटक्यात वळतं. उंचसखल रानात घोडा भरधाव सोडावा लागतो, त्यात एका हातात भाला. त्या पाठलागात राजपुत्र घोड्यावरून पडले आणि त्यातच गेले. वय फक्त एकोणीस. घोडा, भाला, रान, सगळं वडिलांच्याच आवडीचं. बापाच्या काळजाला काय वाटलं असेल!

मागं राहिल्या इंदुमती राणीसाहेब. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेलं आणि वय अकरा. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य कोपऱ्यातच संपायचं. महाराजांनी तसं होऊ दिलं नाही. घरातून आणि बाहेरून विरोध झाला, तरी सोनतळीला ठेवून सुनेला शिकवलं. महाराज 6 मे 1922 ला मुंबईत गेले. सुनेचं शिक्षण मात्र थांबलं नाही. 1925 ला त्या मॅट्रिक झाल्या. पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम केलं.

आज काय उरलंय?

नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात राजघराण्याच्या तलवारी, बंदुका आणि पेंढा भरलेली जनावरं बघायला मिळतात. पोराबाळांना घेऊन एकदा जाऊन या. दाजीपूर-राधानगरीचं जंगल 1958 ला अभयारण्य झालं आणि 2012 ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं. चित्ता देशातून संपल्याचं 1952 ला जाहीर झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा शौकही संपला. गवा नाहीतर डुक्कर उसात शिरलं तर वनखात्याला कळवायचं, भरपाईचा अर्ज करायचा. आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर पडली असेल, तर परवाना बघा, नसेल तर पोलीस ठाण्यात विचारा. जुनी आहे म्हणून कायदा सुटत नाही.

संग्रहालयात बंदुका बघाल, तेव्हा त्या पारध्यांचीही आठवण ठेवा. शिकारी राजे हिंदुस्थानात शेकड्यानं झाले, किती वाघ मारले याची गणती ठेवणारेही झाले. आपल्या महाराजांना मात्र जंगलात जनावरांच्या बरोबरीनं माणसंही दिसली, म्हणून शंभर वर्षांनंतरही गावोगावी त्यांची जयंती होते.