पतंगांचा हिशेब मांडणारा हॉल्डेन

बारावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकून आपण इथे आलो, त्यामुळे जे. बी. एस. हॉल्डेन हे नाव हॉस्टेलवर फारसं कुणाला माहीत नसणार. पण मित्रांनो, हा माणूस आपल्याच पंथातला! जन्म १८९२, ऑक्सफर्ड. शिकला गणित आणि ग्रीक-लॅटिन. विज्ञानाची पदवी नव्हतीच. वडील खाणीतल्या वायूंवर संशोधन करायचे. त्यांनी लहानपणीच त्याला खाणीत नेलं, उभं राहून शेक्सपिअर म्हणायला लावलं. थोड्याच वेळात गडी आडवा! जमिनीलगत शुद्ध आला. मिथेन हलका असतो, हे त्याला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नसेल.

मँचेस्टरजवळ १८४८ मध्ये एक काळा पतंग सापडला. बाकी सगळे पांढुरके, ठिपकेवाले. पुढच्या पन्नासेक वर्षांत गिरण्यांच्या धुराने झाडं काळवंडली आणि तिथले जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. डार्विनची निवड लाखो वर्षांत काम करते असं लोक समजत. हॉल्डेनने १९२४ मध्ये कागद-पेन्सिल घेतली. पतंगाची पिढी एका वर्षाची, म्हणजे पन्नास पिढ्या. एवढ्यात हा बदल व्हायचा तर एका पांढऱ्यामागे साधारण दीड काळा जगला पाहिजे! आकडा अनेकांना अति वाटला. १९५० च्या दशकात जंगलात प्रयोग झाले, तेव्हा काळ्यांचा फायदा खरंच तेवढा मोठा दिसला.

थॅलेसेमियासारखा घातक दोष टिकतो कसा? जनुकाची एकच प्रत असलेल्याला मलेरिया कमी त्रास देत असावा, हा तर्क त्याने १९४९ मध्ये मांडला. पुढे सिकलसेलबाबत ते सिद्ध झालं. विदर्भातल्या, नंदुरबारच्या मुलांना हा आजार नवा नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने जेनेटिक्स मोडीत काढलं. हॉल्डेनला १९२८ मध्ये तिकडे बोलावणारा वाविलॉव १९४३ मध्ये तुरुंगात मेला. कम्युनिस्ट हॉल्डेन तरी लायसेन्कोविरुद्ध स्पष्ट बोलेना. स्वतःवर जीवघेणे प्रयोग करणारा माणूस इथे का कचरला? पक्षनिष्ठा, दुसरं काय!

१९५७ मध्ये तो कलकत्त्याला आला, कुर्ता घालू लागला, भारताचा नागरिक झाला. १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरला कॅन्सरने गेला. देह त्याच्या इच्छेप्रमाणे काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला, विद्यार्थ्यांसाठी देण्यात आला.